उपकरण-चाचपणी आणि संगणकाची निद्रा यांतील समन्वय

संगणक निद्रावस्थेत जात असताना किंवा निद्रेतून जागा होत असताना एखादे नवे उपकरण पुढे आले, तर त्याचा ड्रायव्हर त्याच क्षणी कामाला लावावा की थांबवून ठेवावा, हा कार्यप्रणालीच्या रचनेतील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. ड्रायव्हर आणि उपकरण यांची गाठ घालून देण्याच्या क्रियेला 'प्रोबिंग' म्हणतात. संगणकाला झोपवणे व उठवणे या क्रियांना अनुक्रमे 'सस्पेंड' आणि 'रिझ्यूम' म्हणतात. या लेखात त्यांच्यासाठी चाचपणी, निद्रा आणि जागृती हे शब्द योजले आहेत. या दोन क्रिया एकाच वेळी चालू राहिल्या, तर संगणक गोठणे, बाह्य साठवणीवरील माहिती बिघडणे किंवा उपकरण जागृतीनंतर निकामी दिसणे असे दोष उद्भवतात. लिनक्स कर्नलमध्ये या प्रश्नावरचे सर्वसाधारण उत्तर २०१५ साली लिहिले गेले आणि मार्च २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.५ या आवृत्तीत समाविष्ट झाले. निद्रेची तयारी सुरू झाली की सर्व चाचपण्या पुढे ढकलाव्यात आणि जागृती पूर्ण झाल्यावरच त्या पुन्हा सुरू कराव्यात, असे त्या उत्तराचे सार आहे.

चाचपणी

संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण एखाद्या बसवर, म्हणजे वाहकमार्गावर, बसलेले असते. पीसीआय व यूएसबी या बसवरील उपकरणे स्वतःची ओळख स्वतः सांगतात. प्रत्येकाजवळ निर्मात्याचा आणि उपकरणाचा असे दोन क्रमांक असतात. कर्नल हे क्रमांक ड्रायव्हरांनी दिलेल्या तक्त्यांशी ताडून पाहतो आणि जुळणी झाली की त्या ड्रायव्हरचे 'प्रोब' हे फलन बोलावतो. मोबाइल संच किंवा लहान एकसंध चिपांवर चालणाऱ्या यंत्रांतील अनेक उपकरणे मात्र अशी बोलकी नसतात. त्यांची माहिती 'डिव्हाइस ट्री' नावाच्या वर्णनातून कर्नलला आधीच पुरवावी लागते.

नावावरून वाटते त्यापेक्षा प्रोब फलनाचे काम मोठे असते. उपकरण खरोखर तेथे आहे का हे पाहणे, त्याला वीज व घड्याळाचे स्पंद देणे, स्मृतीचा भाग राखून ठेवणे, इंटरप्टची नोंद करणे, गरज असल्यास फर्मवेअर चढवणे आणि शेवटी त्याच्या पोटातील उपउपकरणांची नोंदणी करणे, एवढे सगळे त्यात येते. यूएसबीचा हब हे याचे परिचित उदाहरण आहे, कारण त्याची चाचपणी पूर्ण झाल्यावरच त्यावर लावलेला कळफलक किंवा पेनड्राइव्ह कर्नलला दिसू लागतो. चाचपणी ही अशी एकातून एक निघणारी साखळी असते आणि ती केव्हा संपेल हे बाहेरून सांगता येत नाही. २०१५ मधील ४.२ या आवृत्तीपासून ड्रायव्हरांना आपली चाचपणी इतरांच्या समांतर चालवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे संगणक लवकर सुरू होऊ लागला, परंतु कोणत्या क्षणी किती चाचपण्या चालू आहेत याचा अंदाज आणखी अवघड झाला.

निद्रेच्या पायऱ्या

वैयक्तिक संगणकांत वीजबचतीचे पहिले सर्वमान्य मानक, एपीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये आणले. त्यात बहुतेक निर्णय बायोसच्या हाती होते. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि निर्णयाचा अधिकार कार्यप्रणालीकडे सोपवला. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ या बदलात आहे. उपकरणांना झोपवण्याचे काम कार्यप्रणालीकडे आले, तेव्हा कोणाला आधी झोपवायचे, कोणाला नंतर आणि मध्येच कोणी नवे आले तर काय करायचे, हेही तिलाच ठरवावे लागले.

लिनक्समध्ये निद्रेचे मुख्यतः दोन प्रकार वापरात आहेत. पहिल्यात स्मृतीला वीज चालू राहते आणि बाकीचे बहुतेक सर्व बंद होते. दुसऱ्यात स्मृतीची संपूर्ण प्रतिमा डिस्कवर लिहून संगणक पूर्ण बंद केला जातो, यास हायबरनेशन म्हणतात. भारनियमनाच्या काळात बॅटरी संपत आलेल्या लॅपटॉपसाठी हा दुसरा प्रकार विशेष उपयोगी ठरतो, कारण वीज कितीही तास गेली तरी उघडलेले काम जसेच्या तसे मिळते.

निद्रेचा आदेश मिळाला की कर्नल प्रथम आपल्या घटकांना पूर्वसूचना देतो. नंतर वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रिया गोठवल्या जातात. कर्नलचे स्वतःचे सगळे धागे मात्र गोठत नाहीत. ज्यांनी तशी तयारी आधी जाहीर केली आहे, तेवढेच थांबतात आणि बाकीचे चालू राहतात. पुढील अडचणींपैकी बऱ्याच याच फटीतून शिरतात. यानंतर उपकरणांची पाळी येते आणि ती चार टप्प्यांत चालते: तयारी, निद्रा, उत्तर-निद्रा आणि इंटरप्ट बंद झाल्यानंतरची निद्रा. जागृतीत हेच टप्पे उलट्या क्रमाने येतात आणि शेवटचा टप्पा 'पूर्तता' हा असतो.

कर्नलजवळ सर्व उपकरणांची एक यादी असते. उपकरणे ज्या क्रमाने नोंदली गेली, त्या क्रमाने ती या यादीत उभी असतात. पालक उपकरण नेहमी अपत्याच्या आधी नोंदले जात असल्याने ही यादी उलटी वाचली की आधी अपत्य आणि मग पालक असा निद्रेचा योग्य क्रम मिळतो. जागे करताना ती सुलटी वाचतात. केवळ तयारीचा टप्पा याला अपवाद आहे. त्यात यादी वरून खाली, म्हणजे पालकाकडून अपत्याकडे वाचली जाते. पालकाला आधीच बजावून ठेवले नाही, तर तो आपल्याखाली नवनवी अपत्ये नोंदवतच राहील आणि सगळी झोपली हे कर्नलला कधीच कळणार नाही, हे त्यामागचे कारण आहे.

संघर्षाचे स्वरूप

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातील शाळेचा संगणक कक्ष डोळ्यांसमोर आणावा. वीज गेली आहे, लॅपटॉप बॅटरीवर आहे आणि ती वाचवण्यासाठी शिक्षक झाकण मिटत आहेत. नेमक्या त्याच क्षणी एक विद्यार्थी बाजूच्या खाचेत पेनड्राइव्ह बसवतो. झाकण मिटल्याने निद्रेची तयारी सुरू झालेली असते आणि पेनड्राइव्हमुळे चाचपणीही सुरू होते.

कोणतीही व्यवस्था नसेल, तर पुढील घटना घडू शकतात. यूएसबी नियंत्रकाला नवे उपकरण जाणवते आणि त्याची नोंदणी होते. साठवणीच्या ड्रायव्हरचे प्रोब फलन सुरू होऊन पेनड्राइव्हवरील विभागांचा तक्ता वाचण्याची मागणी पुढे जाते. तेवढ्यात यादी उलटी वाचत आलेली निद्रेची क्रिया त्याच यूएसबी नियंत्रकाला झोपवून टाकते. वाचनाची मागणी अधांतरी राहते आणि प्रोब फलन उत्तराची वाट पाहत बसते. चाचपणी करताना उपकरणाचे कुलूप धरून ठेवलेले असते. निद्रेच्या क्रियेलाही पुढे सरकण्यासाठी तेच कुलूप हवे असल्यास दोघेही एकमेकांसाठी थांबतात आणि कोणीच हलत नाही. पडदा काळा होतो, पंखा फिरत राहतो आणि संगणक झोपतही नाही व उठतही नाही. वापरकर्त्यापुढे बटण दाबून धरण्यावाचून उपाय उरत नाही आणि न साठवलेले काम जाते.

नोंदणीचा क्रम हा दुसरा धोका आहे. झोपलेल्या पालकाखाली नवे अपत्य नोंदले गेले, तर निद्रेच्या फेरीतून ते निसटते. अशी वेळ आल्यास 'पालक झोपलेला असता कामा नये' या अर्थाचा इशारा लिनक्स कर्नल आपल्या नोंदवहीत लिहितो. दोष शोधणाऱ्यांना हे वाक्य चांगले परिचित आहे, परंतु इशारा दिल्याने संकट टळत नाही.

फर्मवेअर चढवताना तिसरी अडचण येते. बिनतारी जाळ्याच्या अनेक चिपांना प्रत्येक वेळी वीज मिळाल्यावर फर्मवेअर नव्याने द्यावे लागते. पूर्वी हे काम वापरकर्त्याच्या बाजूच्या एका साहाय्यक प्रक्रियेमार्फत होत असे. निद्रेत ती प्रक्रियाच गोठलेली असल्याने मागणी अनुत्तरित राही आणि साठ सेकंदांची मुदत संपेपर्यंत सारे खोळंबून राही. २०१२ मधील ३.७ या आवृत्तीत कर्नल स्वतः फाइल उघडून फर्मवेअर वाचू लागला. झोपण्यापूर्वी ते स्मृतीत साठवून ठेवण्याची सोयही त्याच आवृत्तीत झाली.

हायबरनेशनमध्ये धोक्याचे रूप आणखी वेगळे असते. तेथे स्मृतीची प्रतिमा एका विशिष्ट क्षणी घेतली जाते. त्या क्षणी एखादी चाचपणी अर्धवट असेल, तर ती अर्धवट अवस्थाच प्रतिमेत कायम होते. काही तासांनी किंवा दिवसांनी प्रतिमा परत उलगडते, तेव्हा कर्नलच्या समजुतीप्रमाणे उपकरण तयार होत असते आणि प्रत्यक्षात ते नुकतेच वीज मिळालेले, कोरे असते.

या सर्व दोषांचे एक त्रासदायक लक्षण म्हणजे ते क्वचितच दिसतात. दोन घटना काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने घडल्या तरच संघर्ष होतो. प्रयोगशाळेत शंभर वेळा झोपवून उठवलेले यंत्र एकशे एकाव्या वेळी वापरकर्त्याच्या हातात गोठू शकते.

पुढे ढकलण्याची युक्ती

या प्रश्नाचे उत्तर ज्या युक्तीवर उभे आहे, ती मुळात वेगळ्याच कारणाने जन्मली. एकसंध चिपांवरील यंत्रांत उपकरणे एकमेकांवर अवलंबून असतात. पडद्याला वीजनियामक हवा, वीजनियामकाला आयटूसी बस हवी आणि बसला घड्याळ हवे. यांपैकी ज्याच्यावर अवलंबायचे तेच अजून तयार नसेल, तर चाचपणी अपयशी ठरे. जुन्या पद्धतीत ड्रायव्हर लेखक आपापली फलने योग्य क्रमाने सुरू होतील अशी हाताने मांडणी करीत. यंत्रे वाढली तशी ही मांडणी कोलमडू लागली.

ग्रँट लाइकली यांनी लिहिलेली 'डिफर्ड प्रोब' ही पद्धत मे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.४ या आवृत्तीत आली. प्रोब फलनाने ५१७ हा विशिष्ट त्रुटी-क्रमांक परत दिला, तर 'हे उपकरण माझे आहे, पण आत्ता जमत नाही, नंतर पुन्हा विचारा' असा त्याचा अर्थ घेतला जातो. कर्नल त्या उपकरणाला प्रतीक्षायादीत ठेवतो आणि दुसऱ्या एखाद्या उपकरणाची चाचपणी यशस्वी झाली की प्रतीक्षायादीतील सर्वांना पुन्हा संधी देतो. गावजेवणात पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्याला परत पाठवत नाहीत, पुढच्या पंगतीपर्यंत ओसरीवर थांबवतात. हा तसाच प्रकार आहे. चाचपणीला साफ नकार मिळाला असता, तर कर्नलने त्या ड्रायव्हरसाठी पुन्हा प्रयत्न केला नसता.

या युक्तीने निद्रेच्या क्रमाला मात्र धक्का लागला. आधी नोंदलेले उपकरण नंतर चाचपले गेले, तर यादीतील त्याची जागा खोटी ठरते. ज्या वीजनियामकावर पडदा अवलंबून आहे, तो यादीत पडद्याच्या मागे असू शकतो. मग यादी उलटी वाचताना नियामक आधी झोपतो आणि पडद्याचा ड्रायव्हर नसलेल्या विजेवर काम करू पाहतो. म्हणून पुढे ढकललेल्या उपकरणाची पुन्हा चाचपणी करण्यापूर्वी कर्नल त्याला निद्रेच्या यादीत उचलून शेवटी नेऊन ठेवतो. नोंदणीचा क्रम हाच निद्रेचा क्रम हे गृहीतक ढकललेल्या चाचपणीमुळे फार असुरक्षित होते, अशी स्पष्ट कबुली त्या ठिकाणच्या टिप्पणीत दिली आहे.

दार बंद करण्याचा नियम

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील ग्रिगोरी स्ट्राश्को यांनी २०१५ मध्ये सादर केलेल्या बदलाने ही प्रतीक्षायादी निद्रेच्या कामी आणली. निद्रा किंवा हायबरनेशन चालू असताना उपकरणांची चाचपणी होणे असुरक्षित असून तशा स्थितीत यंत्राचे वर्तन सांगता येत नाही, एवढेच त्यामागचे प्रतिपादन होते. प्रत्येक बसने आणि प्रत्येक ड्रायव्हरने आपापली काळजी घेण्याऐवजी ती एकाच मध्यवर्ती ठिकाणी घ्यावी, असा त्याचा आशय होता.

तयारीचा टप्पा सुरू होताच कर्नल आधी चालू असलेल्या सर्व चाचपण्या संपण्याची वाट पाहतो. त्यानंतर एक ध्वज उभारतो, म्हणजे 'यापुढे सर्व चाचपण्या ढकला' अशी खूण करतो. खूण केल्यानंतर तो पुन्हा एकदा वाट पाहतो. ही दुसरी प्रतीक्षा अनावश्यक वाटण्याचा संभव आहे, परंतु सारी मेख तिच्यातच आहे. पहिली प्रतीक्षा संपणे आणि ध्वज उभा राहणे यांच्यामध्ये निसटत्या क्षणी एखादी चाचपणी आत शिरलेली असू शकते. दार लावल्यावर आत कोणी राहिले का हे पुन्हा पाहावे लागते. ध्वज उभा असेपर्यंत जी जी चाचपणी पुढे येईल तिला ड्रायव्हरपर्यंत पोहोचू न देता मध्यवर्ती भागच ५१७ हे उत्तर देतो आणि उपकरण प्रतीक्षायादीत जाते. जागृतीच्या अगदी शेवटी, पूर्ततेच्या टप्प्यात, ध्वज उतरवला जातो आणि प्रतीक्षायादीला पुन्हा चालना मिळते.

वरील उदाहरणातील पेनड्राइव्ह आता लॅपटॉप उठल्यावरच चाचपला जातो. विद्यार्थ्याला त्यात काही विशेष घडल्याचे जाणवतही नाही.

ही बंदी चाचपणीवर आहे, नोंदणीवर नाही, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. उपकरणाची नोंद तत्त्वतः निद्रेच्या काळातही होऊ शकते. त्यामुळे बसच्या ड्रायव्हरांवरील जबाबदारी संपलेली नाही. एसडी कार्डाची यंत्रणा पूर्वसूचना मिळताच काढता येण्याजोग्या कार्डांचा शोध स्वतःहून थांबवते आणि जागृतीनंतर तो पुन्हा सुरू करते. यूएसबी हबवर देखरेख करणारे काम गोठवण्यायोग्य ठेवले आहे, ते याच कारणाने.

मध्यवर्ती बंदीची किंमतही आहे. एखाद्या सदोष ड्रायव्हरची चाचपणी अडकून पडली, तर तिची वाट पाहणारी निद्रासुद्धा अडकते. झाकण मिटलेला लॅपटॉप पिशवीत तापत राहतो. पूर्वी हाच संगणक कदाचित झोपला असता आणि उठताना बिघडला असता. आता तो झोपतच नाही. दोष लपण्याऐवजी उघडा पडतो, एवढ्यापुरती ही सुधारणाच म्हणावी लागेल. अशा प्रसंगांसाठी कर्नलमध्ये एक पहारेकरी-घड्याळ जोडण्याची सोय आहे. एखाद्या उपकरणाची निद्रा ठरावीक मुदतीत झाली नाही, तर ते यंत्र थांबवते आणि कोणते उपकरण अडले हे नोंदवते.

हायबरनेशनमध्ये पहिल्या प्रतीक्षेचा आणखी एक उपयोग होतो. प्रतिमेवरून परत येताना संगणक आधी एका ताज्या कर्नलने सुरू होतो आणि तो कर्नल डिस्कवरील प्रतिमा शोधतो. डिस्कचीच चाचपणी झाली नसेल, तर प्रतिमा सापडणार नाही. सापडल्यावर ताब्याची अदलाबदल होते, त्या वेळी इतर चाचपण्या अर्धवट असणेही तितकेच घातक ठरते.

जागे होताना

झोपलेल्या यंत्राच्या नकळत जग बदलते, हा जागृतीचा मुख्य प्रश्न आहे. पेनड्राइव्ह कोणी काढून नेलेला असतो किंवा त्या जागी दुसरा लावलेला असतो. यूएसबी बसची वीज निद्रेत तुटली असेल, तर प्रत्येक उपकरण जागृतीनंतर नव्याने आल्यासारखे दिसते. काटेकोर नियमाप्रमाणे जुने उपकरण गेले व नवे आले असे मानून पुन्हा चाचपणी करणे योग्य ठरते. मात्र तसे केल्यास त्या साठवणीवर उघडलेल्या फाइल तुटतात.

यासाठी लिनक्समध्ये 'यूएसबी पर्सिस्ट' ही सोय आहे. जागृतीनंतर त्याच जागी सापडलेल्या उपकरणाची वर्णने आधीच्याशी जुळली, तर ते तेच आहे असे कर्नल धरून चालतो आणि नवी चाचपणी टाळतो. कर्नलच्या दस्तऐवजात या सोयीसोबत धोक्याची सूचनाही दिली आहे. एकाच कंपनीचे एकसारखे दोन पेनड्राइव्ह निद्रेत अदलाबदल झाले, तर कर्नल फसू शकतो आणि दुसऱ्यावरील माहिती उद्ध्वस्त होऊ शकते. म्हणून झोपलेल्या संगणकाचा पेनड्राइव्ह काढू नये, हा व्यवहारातला नियम आजही तितकाच खरा आहे.

ड्रायव्हर लेखकांसाठी यात एक सापळा आहे. जागृतीच्या फलनात आपले उपकरण नाहीसे झाल्याचे आढळले, तर तेथल्या तेथे त्याची नोंदणी रद्द करण्याचा मोह होतो. परंतु जागृतीचे फलन चालू असताना त्या उपकरणाचे कुलूप कर्नलने धरलेले असते आणि नोंदणी रद्द करण्यासाठी तेच कुलूप लागते. यातून निर्माण होणारा तिढा कधीच सुटत नाही. असे काम पूर्ततेच्या टप्प्यापर्यंत किंवा एखाद्या वेगळ्या कार्यरांगेवर ढकलावे लागते.

वारंवार झोपणारी यंत्रे

निद्रा ही दिवसातून एकदोनदा घडणारी गोष्ट होती, तोपर्यंत हे संघर्ष क्वचित दिसत. निद्रा हाच वीजबचतीचा मुख्य मार्ग मानणारी यंत्रे आल्यावर चित्र पालटले. महाराष्ट्राच्या दृष्टीने याचे लक्षणीय उदाहरण म्हणजे 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाचा एक्सओ-१ हा संगणक. या उपक्रमाचा भारतातील पहिला प्रायोगिक वर्ग २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या लहान गावातील प्राथमिक शाळेत सुरू झाला.

एक्सओ-१ मध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती आणि एक गिगाबाइट फ्लॅश साठवण होती, आणि त्यावर फेडोरावर आधारित लिनक्स चाले. वीज बेभरवशाची असलेल्या खेड्यांसाठी तो घडवला होता. मूल पान वाचत असताना प्रक्रियक झोपावा आणि कळ दाबताच उठावा, अशी त्याची कल्पना होती. त्यासाठी प्रक्रियक झोपला तरी पडद्यावरील चित्र टिकवून ठेवणारी स्वतंत्र चिप त्यात बसवली होती. बिनतारी जाळ्याची मार्वेल कंपनीची चिपही वेगळी जागी राहून शेजारच्या लॅपटॉपांचे संदेश पुढे पाठवू शके. ही बिनतारी चिप आतून यूएसबीवर जोडलेली होती. म्हणजे प्रत्येक जागृतीत यूएसबी बसने तिला ओळखणे आणि तिच्या ड्रायव्हरने ते मान्य करणे आवश्यक होते. तासातून कित्येकदा झोपणाऱ्या अशा यंत्रात हजारातून एकदा घडणारा दोषही काही दिवसांत समोर येतो.

आज हीच स्थिती प्रत्येक अँड्रॉइड मोबाइल संचाची आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स कर्नलच आहे आणि पडदा बंद असताना संच संधी मिळेल तेव्हा झोपतो व संदेश, गजर किंवा कॉल आला की उठतो. पाऊस, बाजारभाव किंवा बस यांची चौकशी करण्यासाठी सिंदखेड राजा किंवा लोणारच्या शेतकऱ्याच्या खिशात असलेला संच दिवसभरात कितीतरी वेळा या पायऱ्यांतून चढउतार करतो.

इतर कार्यप्रणाली आणि नंतरचे बदल

विंडोजमध्येही हा प्रश्न आहे आणि तेथील उत्तर तत्त्वतः जवळचे आहे. नवी उपकरणे सांभाळणारी 'प्लग अँड प्ले' यंत्रणा आणि निद्रा सांभाळणारी वीज-यंत्रणा यांना एकमेकींशी मेळ घालावा लागतो. हा मेळ मुदतीत बसला नाही, तर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' हा निळ्या पडद्यावरील संदेश दिसतो. त्याच्या पोटप्रकारांपैकी एक खास याच कारणासाठी राखलेला आहे.

लिनक्समध्ये पुढील काम अवलंबनाची माहिती कर्नलला थेट देण्याच्या दिशेने झाले. राफाएल वायसॉकी यांनी आणलेल्या 'डिव्हाइस लिंक' या सोयीचा फेब्रुवारी २०१७ मधील ४.१० या आवृत्तीत समावेश झाला. पालक-अपत्य नात्यात न बसणारी अवलंबने, उदाहरणार्थ पडदा आणि त्याचा वीजनियामक, तिच्यामुळे नोंदवता येतात. पुरवठादार तयार झाल्याखेरीज ग्राहकाची चाचपणी होत नाही आणि ग्राहक झोपल्याखेरीज पुरवठादाराला झोपवले जात नाही. चाचपणीचा क्रम आणि निद्रेचा क्रम असे दोन्ही एकाच नोंदीतून निघू लागले. २०१० मधील २.६.३४ या आवृत्तीपासून उपकरणांना समांतर झोपवता येत होते, परंतु केवळ यादीवर विसंबून तसे करणे धोक्याचे होते. या नोंदींमुळे ते बरेच निर्धोक झाले. डिव्हाइस ट्रीमधील वर्णनावरून असे दुवे आपोआप तयार करण्याची पद्धत २०२१ मधील ५.१३ या आवृत्तीत मूळ मांडणीतच चालू ठेवण्यात आली.

दुव्यांमुळे चाचपण्या ढकलण्याचे प्रसंग कमी झाले, तरी निद्रेच्या दारावरील बंदी उठलेली नाही. दुवे आधीपासून ज्ञात असलेल्या उपकरणांचा क्रम लावतात. नेमक्या वेळी बाहेरून येऊन खाचेत बसणाऱ्या पेनड्राइव्हविषयी त्यांना काही ठाऊक नसते आणि त्याच्यासाठी २०१५ चा ध्वजच आजही उभारला जातो.